घागरीतले फोन

मी शाळेत गेलो तो एकदाच, तेही शाळेच्या पत्र्यावर चढलेली आमची शेळी उतरवायला. म्हणून हे मी बोलतोय आणि माझी सून लिहितेय. तिला सांगून ठेवलंय, मी जसा बावळट आहे तसाच राहू दे, लिहिताना शहाणा करू नको. घरात आम्ही अहिराणी बोलतो, पण सून म्हणाली, नाना, लांबच्या लोकांना कळलं पाहिजे, जरा सरळ बोला. तर सरळ बोलतोय. ज्या दिवसाचं सांगणार आहे त्या दिवशी सून गावात नव्हती, अखाजीच्या सणाला माहेरी गेली होती. तिने काही पाहिलेलं नाही. त्यामुळे मधेच तिचा हात थांबतो आणि ती माझ्याकडे बघते. मी म्हणतो, लिही.

गावात मला लोक हसायला बोलावतात. लग्नात बोलावतात, साखरपुड्यात बोलावतात, एकदा दहाव्याला नदीवर बोलावलं होतं, कारण कावळा शिवत नव्हता आणि सगळे उन्हात कंटाळले होते. माझी खोड अशी, की चार माणसं गप्प बसलेली मला सहन होत नाहीत. काहीतरी बोलल्याशिवाय माझा घास खाली उतरत नाही. बायको म्हणते, देवाने तुम्हाला जीभ दिली आणि दार द्यायचं विसरला.

आमचं गाव गिरणेच्या काठाला. तालुका अर्ध्या तासावर. धुळ्याला जायचं तर पारोळ्यावरून दीड तास, आणि रस्त्यात उसाचा ट्रॅक्टर आडवा आला तर दोन. गावात सरकारी उपकेंद्र आहे, म्हणजे दोन खोल्या, एक सिस्टर, एक खाट आणि औषधाचं कपाट. सिस्टर बाहेरगावची, पण इथेच राहते. तिच्या जोडीला आमच्या गावची आशाताई, दारोदार फिरून बाळंतिणी, लहान मुलं, ताप-खोकला सगळं बघणारी. या दोघी होत्या, पण गाडी नव्हती. म्हणजे गावात गाड्या चार होत्या, पण वेळेला एकही नव्हती.

हे कसं कळलं ते सांगतो. गावात एक जण पिकअप चालवतो, केळीचे घड भरून मार्केटला नेतो. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला नाना म्हणतो, मी त्याला भाऊ म्हणतो. बोलायला एकदम कमी. त्याच्या थोरल्या भावाला केळीच्या बागेत पाणी भरताना साप चावला. चारी गाड्या त्या दिवशी गावातच. पण एकाची किल्ली बायकोच्या कनवटीला आणि बायको लग्नाला, एकात डिझेल नाही, एकाला वाटलं दुसरा नेईल, आणि हा स्वतः घड भरून उभा, तर आधी घड उतरवायला लागले. तासभर गेला. थोरला भाऊ रस्त्यातच गेला.

तेराव्या दिवशी जेवणं झाल्यावर हा उठला. आम्हाला वाटलं रडेल. तो म्हणाला, उद्यापासून रविवार आणि सोमवार माझी गाडी रिकामी, डिझेल भरून दारात उभी राहील. बाकीच्या वारांचं तुम्ही बघा. एवढंच बोलला आणि पत्रावळी उचलायला लागला.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानवाला सेठ आला. त्याचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण हा आमच्याहून कडक अहिराणी बोलतो. त्याने आपल्या कारसाठी दोन वार घेतले. राहिलेले वार दोघा जीपवाल्यांनी वाटून घेतले. आशाताईने पेंटरला पकडून आणलं आणि उपकेंद्राच्या भिंतीवर सगळं रंगवून घेतलं. वार, गाडी, फोन नंबर. नियम दोनच. ज्याचा वार त्याने गाव सोडायचं नाही, आणि फोन खिशातून काढायचा नाही.

पुढे एक साहेब जिल्ह्यावरून आले होते. भिंत बघून त्यांनी विचारलं, हे कोणत्या योजनेतून केलंत? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चार माणसं गप्प, म्हणजे माझी पाळी. मी म्हटलं, साहेब, भीतीतून. साहेब हसले, फोटो काढून गेले. दीड वर्षात त्या भिंतीने सात माणसं वेळेवर दवाखान्यात पोहोचवली. मला आकडे वाचता येत नाहीत, पण हे सात मला तोंडपाठ आहेत.

माझं या सगळ्यात काम काय, तर काही नाही. मला गावाच्या आरोग्य समितीत घेतलं होतं, कारण सिस्टर म्हणाली, हे आले की लोक मिटिंगला येतात. माझी छाती एवढी फुगली की महिनाभर मी सदऱ्याची वरची दोन बटणं लावली नाहीत.

आता अखाजी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अक्षय तृतीया. खानदेशात दिवाळी एकीकडे आणि अखाजी एकीकडे. लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. घराघरात पितरांच्या नावाने कोरी घागर भरून ठेवायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आमरस-सांजोऱ्यांचा निवद दाखवायचा. हे बायकांचं. आणि गड्यांचं काय, तर पत्ते. वर्षभर ज्याने पत्त्याला हात लावला नाही तोसुद्धा त्या दिवशी बसतो. त्या दिवशी बायका पण काही म्हणत नाहीत.

म्हणत नाहीत, पण फोन करतात. बर्फ आणा, पाहुणे स्टँडवर उतरलेत, वासरू सुटलं. भर डावातून माणूस उठून जातो आणि खेळाची मांडी मोडते. यावर मी शोध लावला. आयुष्यात लावलेला माझा एकच शोध. कुंभाराकडून एक जास्तीची घागर आणली आणि म्हटलं, एक घागर पितरांची, ही आपली. सगळ्यांनी फोन हिच्यात टाकायचे, वरून ओलं गोणपाट बांधायचं. फोनही तापत नाहीत आणि आवाजही येत नाही. जो मधे फोन काढेल त्याने अख्ख्या मांडीला भरीत-पुरी खाऊ घालायची. लोकांना इतकं आवडलं की पलीकडच्या गावानेही उचललं. मी समितीत पण आणि घागरवाला पण. दोन्ही मान एकाच डोक्यावर, आणि ही दोन कामं एकमेकांच्या मुळावर आहेत हे त्या डोक्यात आलं नाही.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या अखाजीची.

माझी लेक जामनेरकडे दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सातव्या महिन्यात आणली होती. आठवा लागला आणि तिचे पाय सुजले. सिस्टरने हाताला पट्टा बांधून बघितलं, ब्लड प्रेशर वाढलेलं. गोळ्या दिल्या. माझ्यासमोर दोनदा सांगितलं, की डोकं खूप दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली, तर एक मिनिट थांबायचं नाही, मला बोलवायचं. त्यापायी सिस्टर सणालासुद्धा स्वतःच्या घरी गेली नाही. मी मान डोलावली. मान डोलवण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही.

अखाजीच्या सकाळी लेक म्हणाली, नाना, डोकं दुखतंय. मी म्हटलं, ऊन लागलं असेल, पन्हं पी, झोक्यावर नको बसू. बायकोने माझ्याकडे बघितलं. ती काही बोलायच्या आत मी चप्पल घातली होती. पत्ते कुटायला जायचं होतं ना.

वाटेत पिकअपवाल्याचं घर. तो गाडीच्या सावलीत बाज टाकून बसलेला. त्या दिवशी त्याचाच वार. मला म्हणाला, "नाना, आज मना वार शे. मी येत नही."

इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. म्हटलं, अरे, गावात आज कोण मरतंय? आज यमसुद्धा सासरी गेलाय, आमरस ओरपत बसलाय. तो हसला नाही. मग मी त्याच्या बाजेवर बसलो आणि अर्धा तास त्याचं डोकं खाल्लं. म्हटलं, वर्षाचा सण, तू इथे राखण बसलास, लोक म्हणतील बायकोने बांधून ठेवलंय. बाजूच्या ओट्यावर चार पोरी होत्या, त्या हसल्या. तो उठला. दोन डाव खेळतो आणि येतो, म्हणाला. किल्ली खुंटीला, गाडी दारात, आणि आम्ही पायी नदीकाठच्या मळ्यात. तो मळा गावापासून लांब, मुद्दाम तोच निवडलेला, बायकांना सहज येता येऊ नये म्हणून.

तिथे पोहोचल्यावर सगळ्यांनी फोन घागरीत टाकले. सेठ खेळत नाही, पण बसायला येतो, त्याने पण टाकला. जीपवाले दोघे होतेच. पिकअपवाल्याचा हात खिशावर तसाच. म्हणाला, माझा राहू द्या. मी त्याच्या खिशात हात घातला, फोन काढला आणि घागरीत टाकला. सगळे हसले.

हे लिहिताना सुनेचा हात थांबलाय. लिही. मीच काढला, माझ्या हाताने.

ऊन असं की कडुनिंबाखालीसुद्धा पत्ते हाताला गरम लागत होते. दोनाचे पाच डाव झाले. मी जिंकत होतो, त्यामुळे जास्तच चेव आलेला. तेवढ्यात घागरीतून आवाज आला. गोणपाटाखाली फोन थरथरला की मातीची घागर घुमते, पोटात भुंगा अडकल्यासारखी. सगळ्यांनी तिकडे बघितलं. मी म्हटलं, "पितर बोलावताहेत. म्हणावं, रांगेत या."

लोक पोट धरून हसले. मी पण हसलो. घागर थांबली आणि परत घुमली. परत थांबली, परत घुमली. पिकअपवाला पत्ते हातात धरून घागरीकडेच बघत होता. नाना, बघू का, म्हणाला. मी पत्ते वाटत होतो. म्हटलं, बघ की, भरीत तुझ्याकडे. त्याने हात मागे घेतला.

ती घागर किती वेळ घुमत होती मला सांगता येत नाही. अजून झोपेत कानाशी डास आला तरी मी उठून बसतो.

मग बांधावरून आशाताई येताना दिसली. डोक्यावर पदर नाही, एक चप्पल पायात आणि एक हातात. मला वाटलं आता सगळ्यांची हजेरी घेणार, म्हणून मी तोंडाशी एक गंमत तयार ठेवली. ती माझ्याकडे आली नाही. सरळ घागरीकडे गेली, दोन्ही हातांनी उचलली आणि दगडावर आपटली. फोन पत्त्यांवर पसरले. एक वाजत होता. तो माझा होता. मला वाचता येत नाही म्हणून माझ्या फोनमध्ये नावांच्या जागी चित्रं लावून घेतलेली, आणि बायकोच्या जागी मी गंमत म्हणून म्हशीचं चित्र लावलेलं. सगळ्यांच्या मधोमध ती म्हैस वाजत होती.

आशाताईला दम लागलेला. ती हळूच बोलली. "नाना, तुमनी पोरले झटका येई ऱ्हायनात."

पोरीला झटके येत आहेत. सिस्टरने इंजेक्शन दिलंय, म्हणाली, सरकारी गाडीला फोन केला, पण ती दुसरी अडलेली बाई घेऊन धुळ्याकडे गेलीय, यायला वेळ आहे. भिंतीवरच्या चारी नंबरांना फोन केले. चारी नंबर कुठे होते ते तिच्या पायाशी पडलेलं सगळ्यांना दिसत होतं.

पिकअपवाला तोपर्यंत बांध ओलांडून गेला होता. सगळे पळाले. मी उठलो आणि पत्त्यांच्या मधेच उभा राहिलो. सेठने दंडाला धरून ओढलं, तेव्हा चालायला लागलो. त्या वाटेवर मला काही दिसलं नाही. एवढंच आठवतं की माझ्या हातात पत्ते तसेच होते आणि ते टाकायचं मला सुचलं नाही. घराच्या दारात बायकोने बघितलं ते हे, लेक खाली पडलेली आणि बाप हातात पत्ते धरून आलेला.

लेक ओट्याच्या आत फरशीवर कुशीवर निजवलेली. डोळे वर गेलेले. ओठ चावून रक्त आलेलं. कोणी शेजारीण तोंडात चमचा घालायला निघाली होती, सिस्टरने तिचा हात धरून ठेवला होता. माझ्या पोरीचं तोंड मला ओळखता आलं नाही. आतमध्ये दुसरंच कोणी शिरून तिला हलवतंय असं वाटत होतं. म्हातारी माणसं म्हणत होती, बाहेरची बाधा आहे, अखाजीला पितर येतात. मला आठवलं मी मळ्यात पितरांच्या नावाने काय बोललो होतो. सिस्टर म्हणाली, बाधा नाही, ब्लड प्रेशरने होतं, मी सांगितलं होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पिकअप दाराला लागली. मागच्या हौद्यात केळीचा वाळलेला पाला होता, त्यावर गाद्या टाकल्या, वर ताडपत्री बांधली. लेकीला उचलून ठेवलं. सिस्टर, आशाताई, बायको मागे बसल्या. मी पुढे बसायला निघालो तर सिस्टर म्हणाली, "नाना, इथे या. ही सलाईनची बाटली वर धरा. आणि एक शब्द बोलू नका, आवाजाने परत झटका येतो."

पंचावन्न वर्षांत मला पहिल्यांदा कोणी सरकारी हुकूम दिला, तो हा. मी बाटली धरून खुंटीसारखा उभा राहिलो. पिकअपवाला इतक्या हळुवार खड्डे चुकवत होता, आणि तरी इतका जोरात नेत होता, की मला कळेना, देवाकडे जोरात मागू की हळू. बाटलीतून थेंब पडत होता, तेवढं एक बघत होतो. थेंब पडला की वाटायचं आहे, पुढचा पडेपर्यंत वाटायचं गेली. बोलायचं नव्हतं. गप्प बसल्यावर डोक्यात काय काय येतं हे मला माहीतच नव्हतं. मी आजवर एवढी बडबड का करत आलो ते त्या हौद्यात कळलं.

तालुक्याला सिस्टरने आधीच फोन करून ठेवलेला. दारात स्ट्रेचर उभं. डॉक्टर तरुण होता. त्याने तपासलं, अजून एक औषध शिरेतून दिलं. म्हणाला, मूल आता पोटात ठेवता येणार नाही, धुळ्याला मोठ्या दवाखान्यात नेऊ, रक्त लागेल, मी तिकडे कळवतो. मग सिस्टरला विचारलं, पहिलं इंजेक्शन किती वाजता दिलं? तिने सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं दिलंत. आणि मग आणायला एवढा वेळ का लागला? सिस्टर गप्प बसली. आशाताई गप्प बसली. माझी खोड मला पुढे ढकलत होती आणि माझ्या तोंडातून काही निघत नव्हतं. पिकअपवाला म्हणाला, गाडी उशिरा मिळाली.

तिथून लेकीला दवाखान्याच्या गाडीत घेतलं, तिच्यासोबत बायको आणि सिस्टर; आशाताई एसटीने गावाला परतली, तिथे बघायला दुसरं कोणी नव्हतं. आम्ही मागून पिकअपमध्ये. सेठ आमच्या मागून कार घेऊन आलेला, तो पुढे निघून गेला होता, म्हणाला रक्ताचं बघतो. पारोळा गेलं तरी केबिनमध्ये आम्ही दोघे बोललो नाही. पुढे त्या गाडीचा लाल दिवा दिसत होता. दिसायचा बंद झाला की हा गाडी पळवायचा. शेवटी मीच म्हटलं, "भाऊ, तुझा फोन मी काढला."

त्याने एक खड्डा चुकवला. म्हणाला, "काढला तुम्ही. काढू मी दिला."

मला वाटत होतं त्याने मला शिव्या द्याव्या, गाडीतून उतरवावं. त्याने खिडकीची काच वर केली, माझ्या बाजूने गरम वारा येत होता म्हणून.

धुळ्याला पोहोचलो तर लेकीला आत घेऊन गेलेले. जावई जामनेरहून निघालेला, पण लांब. एका नर्सने कागद आणला. तिने वाचून दाखवलं, की आईच्या जिवाला धोका आहे, बाळाच्याही आहे, हे आम्हाला समजलंय. तिने विचारलं, बाप तुम्हीच ना? मी म्हटलं, हो. सही येते? एरवी मी सांगितलं असतं, येते, पण माझी मलाच वाचता येत नाही. तेव्हा फक्त अंगठा पुढे केला. पहिल्यांदा टेकवला तर नुसता काळा डाग. दुसऱ्यांदा पण डाग. तिसऱ्यांदा नर्सने माझं मनगट धरलं, लहान पोराचं धरतात तसं, आणि अंगठा उठला. तो कागद ती घेऊन गेली तेव्हा मला वाटलं मी लेकीला लिहून दिली.

मग रक्त. माझा गट जुळला. आयुष्यात बापाचा उपयोग व्हायची एक वेळ आली. खुर्चीवर बसलो, त्यांनी दंडाला रबर बांधलं, सुई अजून पाकिटातच होती आणि मी खुर्चीवरून खाली. शुद्धीवर आलो तर बाजूच्या पलंगावर सेठ झोपलेला, त्याच्या हाताला नळी. म्हणाला, "नाना, तू पड. तुनं रक्त पाणीच शे, त्याले काय करशी." मला हसू यायला पाहिजे होतं. मी भिंतीकडे तोंड केलं.

मूल काढलं. मुलगी. दोन तळहातांवर मावेल एवढी. काचेच्या पेटीत ठेवली, दिवसातून एकदा बाहेरून दाखवायचे. लेक मात्र उठली नाही. शस्त्रक्रिया झाली, रात्र गेली, सकाळ झाली. जावई आला, माझ्या पायाला हात लावायला वाकला आणि मी पाय मागे घेतले. त्याला काय माहीत. डॉक्टर म्हणत होते, डोळे उघडेल, वाट बघा. मी दारातल्या फटीतून बघत होतो. छातीवरची चादर वर जाते का, खाली येते का. पिकअपवाला परत गेलाच नाही. बाकावर बसून होता, दोन्ही फोन पुढ्यात ठेवून, एक त्याचा आणि एक माझा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत बोलावलं. लेकीने डोळे उघडले होते. मी पलंगाजवळ उभा राहिलो. ती माझ्याकडे बघत राहिली. मी बघत राहिलो. सिस्टरचा हुकूम अजून उठलाय असं मला वाटत नव्हतं. लेकीचा चेहरा हळूहळू बदलला. म्हणाली, "नाना, तुम्ही गप्प का? बाळ गेलं का?"

तिने मला जन्मात गप्प बघितलेलं नव्हतं. मी गप्प म्हणजे घरात कोणीतरी गेलं, असंच तिला वाटणार. मी तोंड उघडलं. एक गंमत येईना, आयुष्यभर जी न बोलावता यायची. मी म्हटलं, आहे. काचेत आहे. मुलगी आहे. मग कसंबसं म्हटलं, नाक माझ्यावर गेलंय, तेवढं एक वाईट झालं. ती रडली आणि मी पलंगाची दांडी धरून खाली बसलो.

बाळ तीन आठवड्यांनी घरी आलं. आता अंगणात कोंबड्यांच्या मागे पळतं. लेक बरी आहे, फक्त उन्हात बाहेर निघाली की बायको तिच्या मागे मागे जाते.

घरी आल्यावर उपकेंद्रात मिटिंग झाली. मी मळ्यातलं सगळं स्वतः सांगितलं. बाजेवर बसून डोकं खाल्लं ते, खिशात हात घातला ते, पितर बोलावताहेत म्हणालो ते. लोक सवयीने हसायला लागले, आणि मधेच एकेक जण थांबला. म्हटलं, मला समितीतून काढा. सिस्टर म्हणाली, काढून तुम्ही मोकळे, आम्ही काय करायचं? आशाताई म्हणाली, सणाच्या दिवशी ज्याचा वार त्याच्या गाडीची किल्ली बायकांकडे राहील, माझ्या घरी खुंटीला. आणि वार दोघांचे लावू, एक गाडी गेली तर दुसरी. बायकांमध्ये सेठची सून गाडी चालवते, हे त्या दिवशी कोणाच्या डोक्यात आलं नाही, तिचा नंबर पण भिंतीवर चढवू. गड्यांना हे जरा टोचलं. मग पिकअपवाला बोलला, एकच वाक्य. अखाजीला एक माणूस पत्ते खेळणार नाही, उपकेंद्राच्या पायरीवर फोन घेऊन बसेल. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी बसतो. दर वर्षी.

पेंटरने भिंतीवर दोन ओळी वाढवल्या, एक सेठच्या सुनेच्या नंबरची, एक अखाजीला पायरीवर बसणाऱ्या माझ्या नावाची. मला ती वाचता येत नाही, पण कुठे आहे ते माहीत आहे, खालून दुसरी. जाता येता हात लावतो.

गेल्या अखाजीला मी त्या पायरीवर बसलो. नदीकडून मळ्यातला हसण्याचा आवाज येत होता. कोणी मला बोलवायला आलं नाही. तळहातावर फोन, बॅटरी भरलेली, तरी दर थोड्या वेळाने बघत होतो मेला तर नाही. वाजू नये असं वाटायचं, आणि वाजत नाही म्हणून भीती वाटायची. बोलायला कोणी नव्हतं. भर दुपारी तो वाजला. म्हैस. बायकोने सांगूनही ते चित्र मी बदललेलं नाही. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत मी उचलला.

ती म्हणाली, रस काढलाय, तिथेच घेऊन येऊ का घरी येता. मी फोन दोन्ही हातांनी कानाला दाबून धरला. ती थांबली. मग म्हणाली, ऐकताय ना?

मी म्हटलं, ऐकतोय.